नमुना पाठ क्रमांक सात

पांढरकवडा
११ ऑगस्ट २०२५

आत्या, जयभीम.

तब्येत कशी आहे असं इचारत नाही. इचारलं का तू गुडघ्यापासून सुरू करते अन् दोन पानं त्यातच जातात. फोन तू उचलत नाही. "फोनवर 'हो आत्या' म्हणतोस अन् विसरतोस, कागदावर लिही," हा तुहा हुकूम. तर घे, लिहून राह्यलो.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता सुरू झाली. म्हणजे आमच्यासारख्या छात्राध्यापकाईले खऱ्या शाळेत नेऊन सोडतात अन् मांगच्या बाकावर बसून पाह्यतात, हा बुडते का तरते. मले सहावी अ भेटली. विषय नागरिकशास्त्र, घटक ग्रामसभा. पहिला सराव पाठ परवा झाला. मी वर्गात गेलो, फळ्यावर तारीख लिहिली अन् मांगं वळलो, तं चौतीस हात वर. म्हटलं, "अरे, अजून प्रश्न इचारला नाही." पहिल्या बाकावरची रुपाली नावाची पोट्टी म्हणे, "इचारा ना सर. उत्तर तयार हाय."

खोटं नाही सांगत आत्या, त्या वर्गात शिकलेला नव्हता तो मी एकटाच. मधात हेतुकथन विसरलो, तं रुपाली हळूच म्हणे, "सर, आता 'आज आपण ग्रामसभा या घटकाचा अभ्यास करणार आहोत' असं म्हना अन् फळ्यावर लिवा. नाही तं तुमचे मार्क जातीन." बंटी नावाचा एक पोट्टा दर प्रश्नाले चुकीचं उत्तर देये. पाठ झाल्यावर त्याले जवळ घेऊन समजावू लागलो, तं म्हणे, "मले येते सर. पन तुमाले दुरुस्त कराले एक चुकनारा लागते ना. ते माह्यं काम हाय." या एका सत्रात ग्रामसभा शिकवणारा मी आठवा मास्तर. नववा येत्या बुधवारी येऊन राह्यला.

माझे पाच सोबती निरीक्षण वही घेऊन मांगं बसले होते. पाचही जणाईनं लिहिलं, "आवाज स्पष्ट. देहबोली आत्मविश्वासपूर्ण." माह्या हातातून दोनदा खडू पडला. त्याईनं ते एसटीतच लिहून आणलं होतं.

आता मुद्द्याचं. जानेवारीत वार्षिक पाठ आहे, बाहेरचा परीक्षक येते. त्यात नापास झालो तं बाबा म्हणतात, "दोन वर्षं देल्ली, तिसरं नाही." मंग महागावले मामाचं कृषी केंद्र. मामानं माह्यासाठी स्टूलसुद्धा पुसून ठेवलं म्हणे. मले फवारणीच्या औषधातला फक्त वास समजते. मले मास्तर व्हायचं आहे, आत्या. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तू अंगणात शेजारचे पोट्टे बसवून इतिहास सांगे, तवापासून दुसरं काही व्हावंसं वाटलंच नाही.

सोबत पाठाचं टाचण पाठवून राह्यलो. लाल पेनानं तपास. प्रस्तावनेची गोष्ट उतरवली नाही, ते इथं सगळ्याईले पाठ आहे.

तुहा,
संघदीप

*

घाटंजी तालुका
१९ ऑगस्ट २०२५

चि. संघदीप, जयभीम.

गुडघ्यांना दोनच ओळी देते. उजवा दुखतो. डावा त्याला साथ देतो. झालं.

टाचण वाचलं. लाल पेन संपलं, म्हणून हे निळ्यानं लिहिते आहे.

पहिलं उद्दिष्ट, "विद्यार्थी ग्रामसभेचे महत्त्व जाणतो." जाणतो म्हणजे नेमकं काय करतो? डोळे मिटून मान हलवतो? दुसरं, "विद्यार्थ्याच्या मनात लोकशाहीविषयी आदर निर्माण होतो." पस्तीस मिनिटांत. त्यातली पाच हजेरीत जातात. एवढ्या वेळात माझ्या चुलीवर तुरीची डाळ शिजत नाही.

आणि आशय! "ग्रामसभेत एकवीस वर्षे पूर्ण झालेले सर्व मतदार असतात." एकवीस! अरे, मतदानाचं वय अठरा होऊन छत्तीस वर्षं झाली. तेव्हा तुझा जन्म झाला नव्हता, तुझ्या आईबाबांचं लग्नही ठरलं नव्हतं. पुढे म्हणे "वर्षातून दोन सभा." आता चार होतात. तू स्वतः दोन निवडणुकांत मतदान केलंस ना? मग लिहिताना हात कुठं ठेवला होतास, मामाच्या स्टुलावर?

शिवाय प्रत्येक पानाला चारी बाजूंनी ही वेलबुट्टी कशासाठी? टाचण आहे का लग्नपत्रिका?

हे तू लिहिलेलं नाही, एवढं मला कळतं. तुझ्या अक्षरात असलं तरी तुझं नाही. कोणत्या गाढवानं लिहिलं त्याचा तपास कर आणि माझ्यासमोर आणून उभं कर. मी चौतीस वर्षं गावच्या हायस्कुलात समाजशास्त्र शिकवलं. असं टाचण माझ्या हाताखालच्या कुणी आणलं असतं तर त्याला पहिल्या बाकावर बसवून सहावी पुन्हा शिकवली असती.

पुस्तक उघड. स्वतः वाच. स्वतः लिही.

आत्या

*

पांढरकवडा
२ सप्टेंबर २०२५

आत्या, जयभीम.

तुहं पत्र वाचून रूमपार्टनर म्हणे, आत्या रिटायर झाली का अजून ड्युटीवर आहे?

तं ऐक. टाचण कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडून घेतलं. सगळेच घेतात. मूळ वही म्हणे कॉलेजच्या साहित्य खोलीतल्या कपाटात आहे, तिले "नमुना पाठ क्रमांक सात" म्हणतात. आमचे पाठ तपासणारे मेथड मास्तर उत्तमसिंग राठोड सर, ते याच कॉलेजात शिकत होते तवा त्याईनं बी तेच उतरवलं. वेलबुट्टी काहून काढतात ते कोणाले माहीत नाही. आम्हाले वाटे विद्यापीठाचा नियम असन. एका पोरीनं काढली नाही तं तिचा एक मार्क कापला, शेरा "मांडणी अपूर्ण".

तुह्यं ऐकून मी पुस्तक उघडलं अन् दुसऱ्या पाठाले अठरा सांगतलं. सगळा वर्ग एका आवाजात, "एकवीस!" म्हटलं, पुस्तकात पाहा. बंटी म्हणे, "सर, चुकीचं उत्तर देनं माह्यं काम हाय, तुमचं नाही." राठोड सरनं दोन मार्क कापले, "आशय नमुन्याशी जुळत नाही." मी पुस्तक घेऊन गेलो. त्याईनं शांतपणे पाह्यलं अन् म्हणे, "पुस्तक बरोबर आहे. पण परीक्षकाच्या हातात नमुना असते, पुस्तक नसते." यावर काय बोलावं ते बी.एड.मध्ये शिकवत नाही.

पण खरी पंचाईत वेगळीच आहे. प्रस्तावनेची गोष्ट तुले सांगतो. एका गावात जमनी नावाची बाई राह्ये. तिचा तांडा नाल्याच्या पल्याड. पावसाळ्यात नाल्याले पूर येये अन् तांड्यातल्या पोट्ट्याईची शाळा बुडे. जमनी ग्रामसभेत गेली, हिमतीनं उभी झाली अन् पूल मागितला. सरपंचानं शाबासकी देल्ली, गावानं टाळ्या वाजवल्या, वर्षात पूल झाला. सोबत तीन कमानींच्या पुलाचा तक्ता. गोष्ट संपली का पोट्टे टाळ्या वाजवतात, ते बी टाचणात लिहिलं आहे.

परवा टाळ्या झाल्यावर रुपाली हात वर करून म्हणे, "सर, ह्या जमनीचा पूल कुठी हाय? आमाले क्षेत्रभेटीले न्या ना." तिच्या वाडीच्या रस्त्यावर बी नालाच आहे. तिनं तो पूल पाहून आपल्या सरपंचाले सांगाचं ठरवलं, असा पाह्यजे म्हणून. मी म्हटलं, पाहू. आता काय सांगू? जमनी खोटी आहे, असं?

लवकर लिही.

संघदीप

*

पांढरकवडा
३० सप्टेंबर २०२५

आत्या,

चार आठवडे झाले. तुह्या लाल पेनाची एवढी सवय झाली का करमत नाही. गुडघे दोन्ही संपावर गेले का?

असो. तू दिलेलं काम केलं. गाढवाचा तपास लागला.

काल राठोड सरनं मले साहित्य खोली झाडाले लावली. कपाटात सगळ्यात खाली ती मूळ वही. खाकी कव्हर, कोपरे उंदरानं खाल्लेले. प्रत्येक पानाले जांभळ्या शाईची वेलबुट्टी, हातानं काढलेली, सुंदर. मांगं परीक्षकाचा शेरा, "सर्वोत्कृष्ट पाठ. नमुना म्हणून जतन करावा." अन् पहिल्या पानावर नाव. हजेरी क्रमांक सात. १९८७. कु. सत्यशीला गोविंदराव नगराळे.

मी वही घेऊन खालीच बसलो. माह्या आजोबाचं नाव, माह्यं आडनाव, अन् अक्षर तेच ज्यानं तू मले गाढव म्हटलं. तुले समोर आणून उभं कराची ताकद माह्यात नाही, पण पहिला बाक पुसून ठेवला आहे. सहावी अ तुही वाट पाहून राह्यली.

मजा सोड. एकवीसचं मले समजलं, १९८७ मध्ये एकवीसच होतं. तू बरोबर लिहिलं होतं, चूक बाकीच्याईनं केली. पण जमनी? जमनीचं नाव वाचूनच तू गप्प झाली ना?

संघदीप

*

घाटंजी तालुका
१२ ऑक्टोबर २०२५

चि. संघदीप, जयभीम.

गाढव हजर आहे.

प्रथम वेलबुट्टीबद्दल. वसतिगृहात एक दिवस वीज आणि काम दोन्ही नव्हतं, म्हणून काढली. ती अडतीस वर्षं जिल्ह्याचे भावी शिक्षक मन लावून उतरवतील असं वाटलं असतं, तर सोपी काढली असती. पुस्तक बदललं, कायदा बदलला, माझे केस बदलले, पण फुलं मात्र जशीच्या तशी ठेवलीत. शिक्षण खात्यात परंपरा कशी जपतात ते शिकण्यासारखं आहे.

आता जमनी.

जमनी खोटी नाही. ती आपल्या गावच्या नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावर राहते, अजूनही. जानेवारी १९८७ मध्ये मी सुट्टीवर घरी आले होते. वय तेवीस, बी.एड. चालू, कायदा तोंडपाठ. मीच तिला म्हटलं, "तू ग्रामसभेची सभासद आहेस. चल आणि विचार." ती मुलाला कडेवर घेऊन आली. माझ्या बाजूला बसली. वेळ आली तशी उभी राहिली. तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत सरपंच म्हणाले, "हे कोण वं? बायाइले कोणं बलावलं? बस खाली." लोक हसले. कुणी तरी शिट्टी मारली.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. माझ्या मांडीवर वही होती, पाठासाठी टिपणं काढत होते ना. मी लिहीत होते, "सभेला उपस्थिती चांगली." तुझे सोबती एसटीत बसून लिहितात म्हणून हसू नकोस. मी तर समोर बसून लिहिलं.

ती बसली. पूल झाला नाही. आजही नाही.

टाचणात मी आधी घडलं तसंच लिहिलं होतं. आमच्या मास्तरांनी त्यावर रेघ मारली. म्हणाले, "नगराळे, शेवट गोड करा. मुलं नाराज होतात आणि परीक्षक त्याहून जास्त." मग एका संध्याकाळी मी पूल बांधला. तीन कमानी, कठडा, वर दोन पक्षी. जिल्ह्यात पहिली आले. त्या पाठावर गावच्या हायस्कुलात नोकरी लागली. पुढे चौतीस वर्षं दर पावसाळ्यात हजेरीपटावर तांड्यातल्या मुलांपुढे मी स्वतःच्या हातानं "गैरहजर" लिहिलं, आणि नंतर त्याच वर्गात ग्रामसभेचा पाठ घेतला. पाठ उत्तम व्हायचा. साहेब लोक पाहायला यायचे.

आता तू विचारशील, त्या मुलीला काय सांगू. काही सांगू नकोस. वार्षिक पाठ नमुन्याप्रमाणे घे, वेलबुट्टी काढ, पूल बांध, पास हो. सत्य बोलायला नोकरी लागल्यावर भरपूर वेळ मिळतो. मला चौतीस वर्षं मिळाली होती.

आत्या

*

पांढरकवडा
५ जानेवारी २०२६

आत्या, जयभीम.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं समजे ना. तुह्या पत्राची घडी पाकिटात घेऊन फिरून राह्यलो.

आज वार्षिक पाठाच्या चिठ्ठ्या काढल्या. वीस तारीख, सहावी अ, ग्रामसभा. घटक चिठ्ठीनं निघते म्हणतात, पण डब्यात सगळ्या चिठ्ठ्या ग्रामसभेच्याच होत्या, म्हणजे कोणावर अन्याय नको. राठोड सर म्हणे, "संघदीप, नमुना पाठ सात. कानामात्रा बदलू नको. सराव पाठात तुह्ये मार्क आधीच कमी आहेत."

मामानं स्टुलावर गादी शिवून घेतली. बाबाचा फोन आलता, गादीचं कौतुक सांगत होते.

रुपाली अजूनही क्षेत्रभेटीचं इचारते. दर वेळी मी म्हणतो, पाहू. तिनं काल म्हटलं, "सर, तुमी मोठे मानसं 'पाहू' म्हंता तवा डोळे कुठी असते तुमचे?" आत्या, मले त्या पोट्टीपुढं उभं राह्याची लाज वाटून राह्यली. पूल खोटा आहे हे माहीत असून मी तो चौथ्यांदा बांधू कसा? अन् नाही बांधला तं स्टूल.

पाठ तुहा आहे. जमनी तुही ओळखीची. म्हणून तुलेच इचारतो, खरं सांगू का?

संघदीप

*

घाटंजी तालुका
१२ जानेवारी २०२६

चि. संघदीप,

मला काय विचारतोस? माझं मत मागच्या पत्रात दिलं आहे. घाबरट माणसाचं मत एकदाच घ्यावं.

पण तुझं पत्र आल्यावर मी तांड्यावर गेले. हिवाळ्यात नाला कोरडा असतो, तरी दगडांवरून उतरताना गुडघ्यांनी माझ्या सगळ्या शैक्षणिक कारकिर्दीचा हिशेब मागितला. जमनी दारात ज्वारी निवडत होती. आता सत्तरीच्या पुढं आहे. मी तिला सांगितलं, "जमनी, पांढरकवड्याला तू फार प्रसिद्ध आहेस. अडतीस वर्षं पोरं तुझ्या नावानं टाळ्या वाजवतात." आणि पूर्ण पाठ वाचून दाखवला, शाबासकीसकट, कमानींसकट.

आधी ती इतकी हसली की सूप खाली ठेवावं लागलं. मग तोंड पुसून म्हणाली, "बाई, तुह्या त्या पुलावरून जाते कोन?" वर म्हणाली, "माह्या नातवाले पाठवू का पावसात? पडनार तं नाही ना?"

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तू तवा लहान होती." तेवीस वर्षांची लहान! तिचं स्वतःचं वय तेव्हा पस्तीस असेल नसेल, कडेवर पोर. मी रडले, संघदीप. पदरानं डोळे पुसले तर पदराला ज्वारीचा कोंडा लागला होता, मग आणखी पाणी आलं. तिनं चहा केला.

निघताना म्हणाली, "त्या पोट्ट्याले सांग, गोष्ट सांगाचीच असन तं मले खाली बसवलं तेवढं सांग. मी उभी झालती ते बी सांग."

तिचं मत कळवलं. तुझी परीक्षा, तुझं स्टूल. तू जे करशील ते मला कळव.

आत्या

*

पांढरकवडा
२२ जानेवारी २०२६

आत्या, जयभीम.

झाला वार्षिक पाठ. क्रमानं सांगतो, मधातच चष्मा काढू नको.

परीक्षक साहेब कोट घालून आले. हातात नमुन्याची झेरॉक्स. राठोड सर त्याईच्या बाजूले, घामानं भिजलेले. मी वेलबुट्टी काढली नव्हती. पहिला मार्क तिथंच गेला. प्रस्तावना सुरू केली, एका गावात जमनी नावाची बाई राह्यते. "राह्ये" नाही, "राह्यते" म्हटलं. रुपालीनं मान वर केली.

मंग मी जे झालं ते सांगतलं. ती पोराले कडेवर घेऊन आली. उभी झाली. सरपंच म्हणे, बस खाली. लोक हसले. ती बसली. पूल झाला नाही. आजपर्यंत नाही.

टाळ्याची जागा आली. पोट्ट्याईचे हात सवयीनं वर झाले अन् मधातच थांबले. परीक्षक साहेब झेरॉक्सची पानं उलटून राह्यले होते, हे कोणतं पान म्हणून.

बंटीनं हात वर केला. मले वाटलं, आता चुकीचं उत्तर देते. तो म्हणे, "सर, हे चूक हाय. तिले बसवाले नाही पाह्यजे होतं." आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोलला अन् रडकुंडीले आला.

रुपाली उभी झाली. "सर, तिच्या बाजूले कोन बसलं होतं? ते काहून नाही उभे झाले?"

आत्या, मी तुह्यं नाव घेतलं नाही. म्हटलं, एक शिकलेली बाई होती. ती बी घाबरली. रुपाली म्हणे, "आमी अस्तो तं आमी उभे झालो अस्तो." अन् ती उभीच राह्यली. मंग बंटी उठला. मंग तिसरा बाक. मंग सगळे चौतीस. मी बसा म्हटलं, कोणी बसलं नाही. घंटा झाली तरी उभेच.

परीक्षकाचा शेरा जसाच्या तसा लिहितो, "पाठ नमुन्यास सोडून. शेवट नकारात्मक. वर्गनियंत्रण अजिबात नाही."

पास व्हाले पन्नास पाह्यजे. मले एक्कावन आहेत. राठोड सरनं मले जिन्यात गाठून सांगतलं. बाहेरचा अन् आतला, दोघाईचे मार्क मिळून ठरते, अन् आतले ते देतात. मी पाया पडाले वाकलो तं मांगं सरकले. म्हणे, "वीस वर्षं मी हा पाठ शिकवून राह्यलो. दर वेळी मले वाटे, आमच्या तांड्याले असा पूल काहून नाही? वाटे, आमचीच याडी कमी पडली असन, तिनं नीट मागितला नसन." याडी म्हणजे त्याईची माय. एवढं बोलून ते साहित्य खोलीत गेले अन् कडी लावून घेतली.

मामाले कळवलं. गादी तो स्वतःच वापरणार आहे.

पण रुपालीच्या प्रश्नाचं मी अर्धंच उत्तर देल्लं, ते सलून राह्यलं.

संघदीप

*

घाटंजी तालुका
२८ जानेवारी २०२६

चि. संघदीप सर, जयभीम.

"सर" लिहिलं आहे, वाचून घे दोनदा. पुढच्या पत्रात पुन्हा गाढव होशील.

एक्कावन्न गुण! घराण्यात इतके कमी कुणाला पडले नव्हते. मला ब्याण्णव होते. तुझं पत्र मी तांड्यावर नेऊन जमनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरं उभी राहिली तिथं आल्यावर ती म्हणाली, "पुन्हा वाच." मी तीनदा वाचलं. मग म्हणाली, "सव्वीस तारखेले सभा हाय ना?"

तर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आम्ही दोघी ग्रामसभेला गेलो. आता सरपंच बाई आहेत. खुर्चीवर त्यांचे यजमान बसले होते आणि बाई चहाचे कप मोजत होत्या. उपस्थिती चांगली नव्हती. या वेळी मी वही नेली नव्हती.

विषय संपत आले तशी जमनी उभी राहिली. लगेच ग्रामसेवक म्हणाला, "आजी, बसा बसा, पाय दुखतीन." प्रगती आहे बघ. तेव्हा हाकलून बसवलं, आता काळजीनं बसवतात. तिनं माझ्याकडे पाहिलं. अगदी तसंच, मान थोडी वळवून.

मी उठले. उजव्या गुडघ्यानं नको म्हटलं, डाव्यानंही म्हटलं. तरी उठले. आणि कसं झालं कुणास ठाऊक, तोंडातून वर्गातला आवाज निघाला, "तिचं बोलणं पुरं होईपर्यंत कुणी बसणार नाही!"

अरे, निम्मी सभा माझे विद्यार्थी! सवयीनं ताडकन उभे राहिले. सरपंचांचे यजमान सगळ्यांत आधी उठले, दहावी ब, शेवटचा बाक, दोनदा नापास. ग्रामसेवक बाहेरगावचा, तो सगळे उठले म्हणून उठला. त्या सगळ्या उभ्या माणसांमध्ये जमनी सावकाश बोलली. नाला कुठून येतो, पाणी कुठपर्यंत चढतं, कोणत्या वर्षी कोणाच्या पोराची शाळा सुटली, एकेकाचं नाव घेऊन. एकोणचाळीस वर्षांचं सगळं तिच्या तोंडपाठ होतं. नावं सगळी माझ्या हजेरीपटावरची. यजमानांनी हळूच विचारलं, "मॅडम, आता बसू का?" म्हटलं, "आधी ठराव लिही."

ठराव लिहिला. पूल होईल का? मला माहीत नाही. ठरावाला पाय फुटत नाहीत, त्याच्या मागं फिरावं लागतं, आणि आमच्या दोघींत मिळून चांगला गुडघा एकही नाही. पण सोमवारी घाटंजीला पंचायत समितीत जाणार आहोत. जमनीनं नवं लुगडं काढून ठेवलं आहे.

माझं वर्गनियंत्रण चौतीस वर्षं उत्कृष्ट होतं, संघदीप. गोपनीय अहवालात दर वर्षी लिहिलेलं आहे. एकही मूल कधी विनाकारण उभं राहिलं नाही. ते आठवलं की आता जेवण गोड लागत नाही.

तेव्हा त्या मुलीला पूर्ण उत्तर दे. बाजूला बसलेली बाई तुझी आत्या, नाव सत्यशीला नगराळे, हजेरी क्रमांक सात. तिला जे विचारायचं ते मलाच विचारू दे. शाळेची परवानगी काढ आणि क्षेत्रभेटीला घेऊन ये सगळ्यांना. पूल नाही, पण नाला दाखवू, पूल जिथं नाही ती जागा दाखवू, आणि जमनी दाखवू. ती चौतीस जणांचा चहा करीन म्हणते, मी नको म्हटलं तरी ऐकत नाही.

मुलांना चपला घालून आण. उताराला बाभळीचे काटे फार आहेत.

आत्या